अर्जुवानाच्या शेंगा

सवत असावी तर निदान हाडामांसाची असावी, तिच्याशी भांडता तरी येतं. माझी सवत सौदीतल्या बुरैद्याच्या बाहेर एका मळ्यात उभी आहे. तिला खोड आहे, फांद्या आहेत, कान तेवढे नाहीत. ते झाड लावलं गेलं आणि आमच्या फोनची वाटच बदलली. आधी हे विचारायचे, "मुलं कशी आहेत?" मग झालं, "अगं मासूमा, आज नवं पान फुटलं." मुलं मागून. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, ती ही.

हे म्हणजे माझे मालक, गफूर. आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. निकाह झाला त्याच वर्षी हे सौदीला गेले आणि अजून तिथेच आहेत. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. त्या सुट्ट्यांमधूनच आमचा आकिब झाला, झोया झाली, दोघं मोठीही झाली. नायफ नावाचा त्यांचा कफील, म्हणजे तिकडचा धनी, मोठा भला माणूस. शहराबाहेर त्याचा मळा आहे. खजुरी, गुरांसाठी थोडा चारा, आणि सुट्टीच्या दिवशी येऊन बसायला एक घर. आठवडाभर तिथे चिटपाखरू नसतं. हे एकटेच, मळा राखायला.

झाडाचं खूळ नायफच्या म्हाताऱ्या आईचं. नातवंडांबरोबर इस्तंबूलला गेली होती. तिथे समुद्राच्या काठाने झाडं बघितली, एक पान नाही आणि अंगभर गुलाबी फुलं. अर्जुवान म्हणतात त्याला. आली ती हट्ट घेऊनच, मला माझ्या मळ्यात ते झाड पाहिजे. नर्सरीवाल्याने तुर्कस्तानातून आणलेली दोन रोपं दाखवली. एक उंच, सरळ, ऐटबाज. दुसरं बुटकं, बुडापासून दोन फाटे फुटलेलं. नायफने अर्थातच उंचावर बोट ठेवलं. यांनी पिशवीच्या बुडाशी बोट घालून बघितलं. उंचाची मुळं आतल्या आत गोल गोल फिरून दावणीसारखी झाली होती. हे म्हणाले, बुटकं घ्या, याला अजून पसरायचं माहीत आहे.

मग जागेवरून वाद. नायफला फाटकाजवळ पाहिजे होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. फाटकाचं तोंड मावळतीला. जूनमधलं तिसऱ्या प्रहराचं ऊन कोवळ्या खोडाची साल सोलून काढतं, असं हे म्हणाले. म्हातारीने यांची बाजू घेतली. शेवटी घरामागे, उगवतीच्या अंगाला, भिंतीच्या सावलीत झाड लागलं. पहिले दोन उन्हाळे खोडाला गोणपाट गुंडाळलं. बोअरचं पाणी खारं, म्हणून टँकरचं गोडं पाणी बालदीने नेऊन घातलं, तेही रोज नाही, आठवड्यातून एकदा पण भरपूर. मला हे सगळं कसं माहीत? फोनवर दुसरं काय ऐकत होते मी! आमची झोया कितवीत आहे ते यांना माहीत नव्हतं, पण त्या झाडाची पानं पिंपळासारखी आणि टोक मात्र बोथट, हे मला तोंडपाठ होतं.

म्हातारी संध्याकाळी झाडासमोर खुर्ची टाकून बसायची. एकदा म्हणाली, "गफूर, हे फुललं की मला दाखव, मग तू आपल्या घरी जा. पुष्कळ झालं तुझं." तो शब्द यांनी गाठीला बांधला. पण झाड फुलायच्या आधीच म्हातारी गेली. त्या दिवशी हे फोनवर एवढे रडले, एवढे रडले, की मला राग आला. स्वतःची आई गेली तेव्हा इतके रडले नव्हते. मग माझ्याच लक्षात आलं. आईच्या मातीला यांना पोचता आलं नव्हतं. दोघींचं मिळून एकदम रडत होते बिचारे.

तेव्हापासून एकच पालुपद. फुललं की येतो. शब्द दिलाय. मी दर वर्षी मार्च महिन्यात फोन करून विचारायची, "आली का तुमच्या लाडकीला फुलं?" तिकडून उत्तर, "नाही गं, लहान आहे अजून." चार वर्षं गेली, पाच गेली. शेजारणी विचारायच्या, गफूरभाई कधी येणार कायमचे? मी सांगायची, झाड फुललं की. त्या तोंडावर हसायच्या नाहीत एवढंच.

या जानेवारीत मी उमऱ्याच्या व्हिसावर निघाले. आकिब नोकरीला लागला, झोया सासरी गेली, मी कोणासाठी थांबू? उमरा झाला, आणि हे मला मक्केहून बसने बुरैद्याला घेऊन आले. मनात म्हटलं, बघू तरी या बाईसाहेब कोण आहेत.

यांची खोली बघितली आणि माझा सगळा तोरा उतरला. एक शेगडी. एक पातेलं. भिंतीला एकच खिळा, त्याला एकच टॉवेल. माझ्यासाठी नवी उशी आणली होती, तिचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. काढायचं असतं हे कळलं नसेल असं नाही, उशी मळेल म्हणून ठेवलं होतं. सकाळी मी चहा करत होते तर बाहेरून आवाज, "चल, आता टाकी बघू." मी आतून म्हटलं, "बघा ना, मी कुठे अडवलंय!" हे दचकले केवढे! "कोण?" म्हणून ओरडलेच. दिवसभर स्वतःशी बोलायची सवय, आणि उत्तर मिळायची सवयच नाही. मी हसले, पण पदर तोंडाला लावून. हसू पुरतं फुटेना.

मग गेले घरामागे, सवतीच्या भेटीला. थंडीचे दिवस, झाडावर पान नाही. दोन फाट्यांचं, माणसाच्या दीडपट उंच. आणि फांद्यांना तपकिरी, चपट्या, वाळक्या शेंगा. एक-दोन नव्हे, झुबकेच्या झुबके. वाऱ्यावर खुळखुळ वाजत होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"शेंगा."

"त्या मलाही दिसतात. आल्या कुठून?"

हे खाली वाकून आळ्यातली माती सारखी करायला लागले. अळीमिळी गुपचिळी.

"अहो, मी वालाच्या शेतात वाढले," मी म्हटलं. "आधी फूल, मग शेंग. फुलाशिवाय शेंग धरणारं झाड कुठल्या मुलखात असतं ते तरी सांगा! कधी फुललं हे?"

"गेल्या वर्षी." मग एक शेंग तोडून, "त्याच्या आधीपण."

"आणि मला काय सांगत होतात? लहान आहे!"

माझ्या अंगाची आग आग झाली. दोन वर्षं हा माणूस मला बनवतोय! दुसरी कोणी बाई ठेवली असती तरी मला कळलं असतं काय करायचं ते, पण झाडाआड लपणाऱ्या नवऱ्याचं काय करतात? मी दोन दिवस बोलले नाही. भाकरी थापायची, वाढायची, पाठ फिरवून बसायचं. त्या मळ्यात न बोलणं म्हणजे काय ते मला त्या दोन दिवसांत समजलं. बाहेर वाळू, वर आभाळ, आणि पंपाची घरघर. पंप थांबला की कान दुखतात.

तिसऱ्या दिवशी हेच बोलले. माझ्याकडे न बघता, खजूर निवडता निवडता.

"मी सुट्टीवर येतो ना, तेव्हा तू शोकेसमधला कप काढतेस माझ्यासाठी. तुम्ही सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा पिता."

"मानाने काढते!"

"हो. पाहुण्याला मान देतात. मी खोलीत आलो की झोया टीव्ही बारीक करते. आकिब स्कूटरची चावी देतो, वर सांगतो, अब्बा, ब्रेक जरा कडक आहे, सांभाळून. गेल्या खेपेला मला घरात दिव्याचं बटण सापडेना, मासूमा. माझ्या पैशाने बांधलेलं घर. मी अंधारात भिंत चाचपत होतो, तेवढ्यात आकिबने येऊन लावलं. इथे मी डोळे मिटून फिरतो. इथे निदान खजुरींना ठाऊक आहे मी कोण आहे."

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. म्हटलं, "बटण दोन महिन्यांत कसं सापडेल? त्याला घरात राहावं लागतं! ठेचकाळा चार दिवस, पाचव्या दिवशी सापडेल."

हे हसले. पुष्कळ दिवसांनी हसले असावेत, हसताना ठसका लागला.

रमजान आला. दोघांनी चटईवर बसून रोजा सोडायचा, समोर सुक्करी खजूर आणि पाणी. हे म्हणाले, इतक्या वर्षांत इथे चटईच्या त्या बाजूला कोणी नव्हतं. रमजानच्या शेवटी शेवटी झाड फुललं. काय सांगू तुम्हाला! पान एक नाही, आणि फुलं फांद्यांच्या टोकाला नाहीत, थेट जुन्या लाकडातून, खोडातून फुटलेली, फणस लागतो तशी. रंग कोकम सरबताचा. मी सवतीला शिव्या घालायला उभी राहिले आणि तशीच उभी राहिले. हे बाजूला येऊन म्हणाले, "म्हणून हिवाळ्यात हिची फांदी छाटायची नसते. फूल जुन्या लाकडालाच येतं." मग खाली बघत म्हणाले, "ईद झाली की नायफशी बोलतो. येतो मी घरी."

मला वाटलं, जिंकले.

यांना मात्र एकच घोर, नायफ सोडणार नाही. त्याचं मन कसं मोडायचं? म्हणून मग तयारी सुरू झाली. मी नायफ व्हायची. डोक्यावर टॉवेल टाकून बसायची आणि म्हणायची, "ला, ला, गफूर! नाही सोडणार! तू गेलास तर फळ धरायला खजुरींना नराचा फुलोरा कोण बांधणार?" हे छाती काढून अरबीत उत्तर द्यायचे, मग मला मराठीत समजावून सांगायचे. मी म्हणायची, "पगार वाढवतो!" हे म्हणायचे, पैशाचा प्रश्न नाही. मी म्हणायची, "माझ्या आईच्या झाडाकडे कोण बघणार?" इथे यांचा आवाज बसायचा. म्हणायचे, याला उत्तर काय द्यावं गं? ते उत्तर आम्ही चार दिवस घोळवलं. हसून हसून पुरेवाट झाली माझी. आमच्या अख्ख्या संसारात आम्ही एवढं बोललो नव्हतो.

ईदनंतर नायफ एकटाच आला. मी चहा टाकला आणि खिडकीशी उभी राहिले. दोघं टाकीजवळ बोलत होते. यांनी टोपी नीट केली, काहीतरी म्हणाले. नायफने खांद्यावर हात ठेवला, यांना मिठी मारली, खिशातून फोन काढून कोणाशी तरी दोन शब्द बोलला. गाडीतून खजुराचा डबा काढून यांच्या हातात दिला आणि गेला. माझ्या चहाला उकळीसुद्धा आली नव्हती.

हे आत आले. डबा खाली ठेवला.

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"आणि?"

"खलास म्हणाले, म्हणजे ठरलं. तिकीट काढून देतो, एक्झिटचे, कायमचं परतायचे कागद करतो. अल्ला तुला सुखी ठेवो. बांगलादेशातला एक माणूस आहे म्हणे, महिनाभर कामासाठी मागे लागलाय. त्याला तिथेच फोन करून कळवलं."

"अहो, पण फुलोऱ्याचं? पगाराचं?"

"काही नाही विचारलं."

"झाडाचं?"

यांनी नुसती मान हलवली. पलंगाच्या कडेला बसले. एवढी पाठ केलेली उत्तरं, एक म्हणून खर्ची पडलं नाही. वाईट कोणी वागलं नव्हतं. नायफने मिठी मारली होती, दुवा दिली होती. भांडायलासुद्धा जागा ठेवली नव्हती त्याने.

मला आनंद व्हायला पाहिजे होता ना? मागितलं ते मिळालं होतं. इतकी वर्षं मी नमाजनंतर हात पसरून म्हणत होते, या अल्ला, तिकडे ज्याने कोणी यांना धरून ठेवलंय त्याला सोडायची बुद्धी दे. कधी वाटायचं कफील धरतोय, कधी म्हातारीचा शब्द धरतोय, कधी झाड. आणि धरलं कोणीच नव्हतं. हा माणूस आपणच आपल्याला तिथे बांधून बसला होता, कुठेतरी बांधलेलं असावं म्हणून.

"तिकडे तरी माझं काय काम आहे?" हे जमिनीकडे बघत म्हणाले. "तुमचं सगळं ठीक चाललंय."

गल्फवाल्याच्या बायकोला आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवतात. माझ्या सासूने मला शिकवलं, मी उद्या दुसरीला शिकवीन. फोनवर रडायचं नाही. तो तिकडे एकटा, त्याच्या जिवाला घोर लावायचा नाही. छप्पर उडालं तरी म्हणायचं, इकडचं सगळं ठीक आहे, तुम्ही काळजी करू नका. आकिब तापाने फणफणत होता तेव्हा मी हेच म्हटलं. दीर वाटणीवरून अंगावर आला तेव्हाही हेच.

"काही ठीक नाही," मी म्हटलं.

हे ताडकन उठले. "काय झालं? आकिब? झोया? कोणाचा फोन आला?"

"कोणाचा नाही. काही झालेलं नाही."

"मग?"

"तुम्ही पहिल्यांदा विमानात बसलात ना, तेव्हापासून ठीक नाही."

हे पुन्हा पलंगावर टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मग कधी बोलली का नाहीस?"

मी रडत होते, त्यांच्यासमोर, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.