विसावं पोर

शाळेत सगळ्याचं रजिस्टर असतं. हजेरीचं, पोषण आहाराचं, फुटलेल्या खडूच्या डब्यांचंसुद्धा! फक्त गमतीजमतींचं रजिस्टर आजपर्यंत कुठल्याच साहेबाने मागितलेलं नाही. म्हणून ते माझ्या डोक्यात साठत गेलं, आणि आता इतकं भरलंय की चहा समोर आला की सांडायला लागतं.

मी मूळची माणगावची. बदली होऊन आले ती थेट बंदराच्या रस्त्यालगतच्या एका दोनशिक्षकी शाळेत. मुख्याध्यापक मोकल सर. सज्जन माणूस, इतका की फळ्यावर चुकीचं लिहिलं तर फळ्यालाच सॉरी म्हणेल. आणि तिसरी आमची हिराबाय, खिचडी शिजवणारी. कागदावर ती मदतनीस, पण शाळा खरी कोण चालवतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

यंदा वरून निरोप आला होता. पडताळणीच्या दिवशी वीस मुलं नसतील तर शाळा बंद, आणि मुलं रस्त्यापलीकडच्या गावच्या शाळेत. आता तो रस्ता म्हणजे काय, तर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर. मोठी माणसं तो ओलांडताना देवाचं नाव घेतात. पहिलीतलं पोर काय करणार? मोकल सर तेव्हापासून नीट जेवत नव्हते.

* * *

म्हणून आम्ही दोघं उन्हातान्हात घरोघर फिरलो. एका घरासमोर दोन ट्रेलर, एक जेसीबी आणि संगमरवरी पायऱ्या. तिथले दादूस झोपाळ्यावर बसलेले. त्यांनी कौतुकाने थंड सरबत दिलं.

"मास्तर, मी तुमच्याच शाळेत शिकलो हाव बरं का! चौथीपर्यंत!"

सरांचा चेहरा असा काही खुलला! "मग दादूस, नातवाला यंदा आमच्याकडेच घाला की."

दादूसनी सरबताचा घोट घेतला. "मी तुमच्या शाळेत शिकलो, म्हणूनच त्याला इंग्लिश शाळंत घातला!"

सर बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, निदान प्रामाणिक आहेत."

* * *

पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. नवीन मुलांना सजवलेल्या गाडीतून मिरवत आणायचं आणि फोटो पाठवायचे, असा आदेश. बैलगाडी गावात एकही उरली नाही. पण ट्रेलरला काय तोटा? एका पालकाने आपल्या ट्रेलरचं नुसतं तोंडच आणलं, मागचा सांगाडा काढून ठेवून. झेंडूच्या माळा, फुगे, केबिनमध्ये नवीन चार मुलं आणि त्यांना धरायला अंगणवाडीच्या ताई. ढोल वाजला, गाडी निघाली.

गावाला फेरी मारून पाच मिनिटांत यायची. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. ढोलवाले थकून खाली बसले. आणि सरांचा फोन वाजला. पलीकडून ड्रायव्हर रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, सवयीनं बंदराकडं वळलो हो! आता लाइनीत अडकलोय. पुढं पन कंटेनर, मागं पन कंटेनर."

तेवढ्यात तालुक्याहून साहेबांचा फोन माझ्या मोबाइलवर. "फोटो कुठायत? नवीन मुलं आली की नाही?"

मी काही बोलायच्या आत हिराबायने शेजारून तोंड घातलं. "साहेब, पोरां एक्स्पोर्टला लागलीत!"

दीड तासाने चारही मुलं बिस्किटं खात परत आली. लाइनीतल्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांनी खाऊ दिला होता. दुसऱ्या दिवशी त्या चार मुलांतला एक जण शाळेत येऊन बसेना. त्याला पुन्हा बंदरावर जायचं होतं.

* * *

मग तो फोटो. हल्ली नुसता फोटो चालत नाही, त्याच्यावर ठिकाण उमटावं लागतं. आमच्या सरांचा मोबाइल जुना. त्यांनी मुलांचा झक्क फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत ग्रुपवर साहेबांचा मेसेज, सगळ्या तालुक्यासमोर: "मोकल, तुमचं लोकेशन खाडीत दाखवतंय. शाळा बुडाली काय?"

मोकल सर एरवी ग्रुपवर नमस्काराच्या पलीकडे काही लिहीत नाहीत. त्या दिवशी लिहिलं: "अजून नाही साहेब. एक मूल कमी आहे."



* * *

नंतर आली पायाभूत चाचणी. वर्षाच्या सुरुवातीला मुलांना काय येतं ते तपासायचं, शेवटी पुन्हा तपासायचं आणि मधली प्रगती दाखवायची. आमच्या बैठकीत एका मुरलेल्या गुरुजींनी चहा पिता पिता मंत्र दिला. "सुरुवातीला जरा हात राखून मार्क द्या. आत्ताच सगळं आलं तर वर्षभर प्रगती कशाची दाखवणार?"

मोकल सरांना हे पटलं नाही, पण भीती तर वाटतच होती. चाचणीच्या दिवशी केंद्रप्रमुख शेजारी खुर्ची टाकून बसलेले. सर मुलांना म्हणाले, "घाई करू नका हं. जे येत नसेल ते सोडून द्या."

चौथीतल्या वेदांतने हात वर केला. "सर, येतं ते पन सोडू?"

केंद्रप्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी खडू पाडला आणि उचलायला जी टेबलाखाली गेले, ती हसू थांबेपर्यंत वर आलेच नाही!

* * *

गुणवत्ता वाढवायची म्हणून मीच एक टूम काढली. दप्तर बाजूला ठेवा, गावात जिथे अक्षर दिसेल ते मोठ्याने वाचा. मुलांना हे फारच आवडलं. दुकानाच्या पाट्या, रिक्षांच्या काचा, लग्नाचे बॅनर, काही सोडेनात. पंधरा दिवसांत गावभर वाचन दुमदुमलं.

एका दुपारी गावातले एक वजनदार गृहस्थ तणतणत शाळेत आले. नाव सांगत नाही, मला अजून तिथे नोकरी करायची आहे.

"मास्तर, तुमच्या पोरांना काय वलन लावलाव का न्हाय? चारचौघांत माझी लाज काढली!"

"काय झालं?" सरांनी घाबरून विचारलं.

वेदांतच पुढे झाला. "सर, आम्ही भिंतीवरचं वाचत व्हतो. 'येथे लघवी करू नये.' तर हे तिथंच उभे व्हते. आम्ही तीनदा वाचलं. मोठ्यानं."

"बघा! बघा! काय शिकवताव तुम्ही यांना?"

मोकल सर हात जोडून अगदी नम्रपणे म्हणाले, "वाचायला."

* * *

आणि मग तो पडताळणीचा दिवस उजाडला. आमचा पट एकोणीसवर अडकलेला. किती उंबरे झिजवले, विसावं मूल काही मिळेना. सर सकाळी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, आहे ते सांगायचं. एकोणीस तर एकोणीस." मी मान डोलावली.

हे सगळं हिराबाय डाळ धुता धुता ऐकत होती.

त्या दिवशी रस्ता जाम होता, म्हणून इंग्रजी शाळेची बस गावात आलीच नाही. शेजारच्या घरातली स्वरा, तिसरीतली, बूट-टाय घालून फाटकाशी उभी. हिराबायने तिला हाक मारली, टाय काढून तांदळाच्या पिंपावर ठेवला आणि पोरीला रांगेत बसवलं. आम्हा दोघांना पत्ताच नाही!

साहेब आले. बोटाने एकेक डोकं मोजायला लागले. सर खाली मान घालून उभे.

"...अठरा, एकोणीस, वीस! वा मोकल! खाडीतून वर आलात की!"

सरांनी दचकून वर पाहिलं. तोंड उघडणार, तेवढ्यात हिराबायने मध्ये चहाचा कप घातला. "साहेब, गरम हाय तवर घ्या!"

साहेब खूश. म्हणाले, "आता जरा वाचन बघू." आणि विसांतून बोट कुणाकडे? चकचकीत बुटांकडे! स्वरा उभी राहिली. पुस्तक हातात. शब्द फुटेना. मग हळूच म्हणाली, "सर, मे आय सिट डाऊन?"

"अरे वा! इंग्रजीपण पक्कं! आता मराठी वाच बाळ."

पोरगी रडकुंडीला आली. तिच्या शेजारी आमची दुर्वा, दुसरीतली. आईबाप दोघं मिठागरावर कामाला. तिने ओळीखाली बोट ठेवलं आणि कुजबुजत वाचून दिलं. स्वरा तिच्या मागून म्हणायला लागली. दोन ओळी झाल्यावर दुर्वाचं कुजबुजणं संपलं आणि ती सरळ मोठ्याने वाचायलाच लागली. धड्यातल्या शेळीचं पुढे काय झालं ते तिला कळायला हवं होतं ना! साहेब समोर आहेत हेच विसरली. पान उलटलं, ते पण वाचलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

वाचून झालं आणि मोकल सर पुढे आले. "साहेब, माफ करा. मुलं एकोणीसच आहेत. ही स्वरा आमची नाही."

हिराबायने कपाळावर हात मारला. साहेबांनी कप खाली ठेवला, पेन काढलं, कागद पुढे ओढला.

तेव्हा दारातून आवाज आला. स्वराची आई, पोरीला शोधत आलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती दुर्वाला म्हणाली, "कितवीत गो तू?"

"दुसरीत."

आई आपल्या लेकीकडे बघत राहिली. मग सरांकडे वळली. "ही तुमची न्हाय असं कोन म्हनला? घाला तिचं नाव."

साहेब गडबडले. "अहो ताई, असं कसं? जन्मदाखला लागतो, आधार लागतं..."

"दाखला घरी हाय, साहेब. पोर इथं हाय. आधी पोर मोजा."

साहेबांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पेन खिशाला लावलं, उठून रांगेच्या पहिल्या टोकाला गेले आणि बोट वर केलं.

"एक..."