दुखणं हाताचं, फोटो डोक्याचा

कोल्हापुरात स्कॅनिंग सेंटरवर टेक्निशियन म्हणून वीसेक वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. अंगाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘मेंदूचा फोटो काढायचाय’ म्हटलं, की अर्धा किस्सा तिथंच तयार! उरलेला पेशंट पुरा करतो.

*

सीटी मशीन नवीन होतं तेव्हाची गोष्ट. कोडोलीचे एक जुने पैलवान आले. डाव्या हातातली ताकद अचानक गेलेली. डोक्याचा स्कॅन म्हटल्यावर भडकलेच.

“हात ढिला पडलाय, आन् फोटू डोस्क्याचा?”

“मेंदूत बिघाड झाला तरी हात जातो, पैलवान.”

“अवो, ते कवा वापरलंच न्हाय, बिघडंल कशानं?”

*

आमचे रेडिओलॉजिस्ट सर समजवण्यात पटाईत. पाय लुळा पडलेल्या एका शेतकऱ्याला म्हणाले, “मोटर विहिरीवर, पाणी उसाला. ऊस वाळला तर आधी मोटर बघता ना? मेंदू म्हणजे मोटर.”

“न्हाय सायेब. आदी लाईट हाय का बघतो.”

सरांनी तो दाखला पुन्हा कुणाला दिला नाही.

*

पुढं एमआरआय आलं. आत धातू चालत नाही, आणि मोकळ्या गळ्यानं आत जायला बायका तयार नसायच्या. मग आमच्या सिस्टर मंगळसूत्राऐवजी दोऱ्यात हळकुंड ओवून बांधायच्या. एकीचे यजमान ते बघून उडालेच.

“एवढ्यावर भागतंय व्हय? आन् मी दर दिवाळीला सोनाराच्या दारात!”

*

नेसरीच्या एका गुरुजींनी दबकत विचारलं, “ह्यात मनातलंबी दिसतं का हो?”

शेजारून बायको म्हणाली, “दिसत असंल तर दोन कॉप्या काढा!”

*

आणि ही गडहिंग्लजकडची सून. कित्येक महिने उलट्या. पोटाची सगळी औषधं झाली, गुण नाही. तिच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, वेटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या, “कामाचा कंटाळा, दुसरं काय! ह्या फोटूतबी काय निघालं न्हाय, तर हितनंच माहेरी पोचवायची!” नवरा खाली मान घालून बसलेला. मला त्या पोरीची फार दया आली.

मेंदूच्या मागच्या बाजूला गाठ निघाली. सरांनी नवराबायकोला आत बोलावून जपून सांगितलं. उलट्या पोटामुळं नाहीत, ह्या गाठीमुळं आहेत. ऑपरेशन करावं लागेल.

ती फिल्मकडं एकटक बघत होती.

“म्हंजे खरंच हाय न्हवं, सर?”

“आहे, ताई. पण घाबरू नका...”

“घाबरत न्हाय मी.” तिनं डोळे पुसले, पदर नीट केला आणि चक्क हसली. “तेवढं आत्तींना आत बोलवा की!”