सोजरमावशीचा हुंकार

आमची सोजरमावशी गोष्ट सांगत नसे, ऐकत असे. पण ऐकावं ते तिनंच. तापीकाठच्या आमच्या गावात कुणी गोष्ट सांगू लागलं की समोर एकानं बसून हुंकार द्यायचा, अशी रीत. वाक्य झालं की 'हं'. म्हणजे समजलं बा, चल पुढं. 'हं' आला नाही तर सांगणाऱ्यानं तेच नीट करून पुन्हा सांगायचं. हा मान मावशीचा. भल्याभल्यांना तिनं एकेका वाक्यावर अडकवून ठेवलेलं मी पाहिलंय.

संस्थानं विलीन होत होती, त्या वर्षांतली ही हकीकत. बुऱ्हाणपूरच्या कचेऱ्यांत तेव्हा नव्या शब्दांचं नुसतं पेव फुटलं होतं. मेले ते शब्द! नाही म्हणायचं तर 'विचाराधीन', हाकलायचं तर 'पुनर्रचना'. माझं आजही डोकं उठतं.

आमच्या गावाला नदी ओलांडायला एकच सरकारी होडी होती, जुनी, गळकी. मावशीची केळीची बाग पल्याड. नवरा गेल्यापासून ती रोज पहाटे त्या होडीनं जाऊन एकटी बागेला पाणी द्यायची. होडी गेली तर राजघाटावरून वळसा, म्हणजे अर्धा दिवस वाटेतच. बाग दुसऱ्याच्या हवाली करावी लागली असती. अन् होडी मोडीत काढणार, अशी कुजबुज तर कानावर आलेली.

मग बुऱ्हाणपूरच्या कचेरीतले साहेब गावात आले. पारावर सभा भरली. मोतीलाल पाटलांनी त्यांना आमची रीत सांगितली, साहेबांना मोठी गंमत वाटली. मावशी समोर बसली. पीकपाण्याची चौकशी झाली, मावशीचा 'हं' मिळत गेला, साहेब खुलले. म्हणाले, "जलवाहतूक व्यवस्थेचं राजघाट केंद्रात विलीनीकरण प्रस्तावित आहे."

मावशी गप्प.

साहेब पुढं बोलू लागले, तसे पाटील हळूच म्हणाले की अजून हुंकार आला नाही. साहेबांनी घसा खाकरला. सेवेचं सुसूत्रीकरण, म्हणाले. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग स्थानिक सुविधेला तूर्त विश्रांती. तरी नाही. माणसं तोंडाला पदर अन् रुमाल लावून हसू लागली. शेवटी साहेब वैतागले. "अहो बाई, तुमची होडी बंद करणार आहोत."

"हं," मावशी म्हणाली.

एकच गलका उठला. ज्यांना आतापर्यंत ओ का ठो कळलं नव्हतं, ते उठून उभे राहिले. मावशीनं हातानं सगळ्यांना बसवलं. "आता मी सांगते, साहेब. हुंकार तुम्ही द्या."

माझी बाग पल्याड आहे, ती म्हणाली. साहेब म्हणाले, हं. पाणी द्यायला माझ्याशिवाय कुणी नाही. हं, पण बारीक आवाजात. होडी बंद झाली तर बाग वाळेल. साहेबांचा 'हं' घशातच राहिला. मान खाली घालून ते म्हणाले की या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल.

मावशी पुन्हा गप्प. झाडावरचे पोपट तेवढे बोलत होते.

"होडी बंद नाही करत," साहेब म्हणाले. "दुरुस्त करून देतो."

"हं," मावशी म्हणाली, आणि पदर खोचून उठली. म्हणाली, चला, त्याच होडीतून बाग दाखवते. अन् साहेब गेले हो! सगळं गाव काठावर ओरडत होतं. होडीत साहेब पाणी उपसत होते आणि मावशी ऐटीत बसली होती.