मी वडील होता होता राहिलो

ख्रिस्ती मंडळीत 'वडील' व्हायला मुलंबाळं असावी लागत नाहीत, दोष नसावे लागतात. मला मुलं होती. दोषांचा विषय तोवर कुणी काढला नव्हता.

(ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा, चुकल्यामाकल्याला समज देणारा, पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, खालोखाल मान असलेला माणूस. रविवारी पुढच्या बाकावर बसतो आणि खोकला तरी लोक अदबीने ऐकून घेतात.)

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. रोज कुठल्या तरी कचेरीची नवी पाटी लागत होती, भाड्याच्या खोल्या मिळेनाशा झाल्या होत्या आणि पानटपरीवरचा माणूससुद्धा 'आपल्या जिल्ह्यात' असं छाती काढून म्हणत होता. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यातच राहून गेलं असावं. लागोपाठ पाऊस दगा देत होता, विहिरीत बादली सोडली की खणकन आवाज यायचा, आणि आमच्या गल्लीचं सगळं आयुष्य टँकरभोवती फिरत होतं. मी कंधारहून बदली होऊन इथल्या पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून आलो होतो. त्या उन्हाळ्यात कुणी खातं विचारलं, की मी नुसतं 'सरकारी' म्हणायचो.

जिल्हा वेगळा झालेला बघून आमच्या छोट्याशा मंडळीलाही वेगळं व्हायचं वारं लागलं. तोवर आमचा कारभार नांदेडहून चालायचा. नांदेडकरांनी कळवलं, की ठीक आहे, पण आधी तुमच्यातला एक लायक वडील दाखवा. लोकांनी माझं नाव पुढे केलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि मी उपासनेत डुलक्या घेत नसे, एवढ्या भांडवलावर. आता नांदेडचे वृद्ध पाळकसाहेब स्वतः येणार होते, आमच्या घरी मुक्काम करणार होते आणि हा माणूस घरात कसा वागतो ते डोळ्यांनी बघणार होते.

मी शास्त्र उघडलं आणि वडील कसा असावा ते बायकोला वाचून दाखवायला लागलो. तो दारू पिणारा नसावा. इथे काही अडचण नव्हती. तो एकाच बायकोचा नवरा असावा. बायको म्हणाली, एकच तुम्हाला आवरत नाही, पुढे वाचा. तो पाहुण्यांचं अगत्य करणारा असावा, त्याचं घर त्याच्या ताब्यात असावं. इथे तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. आणि तो भांडखोर नसावा, शांत असावा. इथे मात्र मी शास्त्र मिटलं.

माझ्या बायकोचं नाव सुवार्ता. नावाला जागून तिचा आवाज पार शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो. टँकर आला की ती पदर खोचून अशी उतरायची, की ड्रायव्हर आपणहून पाइप तिच्या हातात द्यायचा. आमच्या घरी पाणी असायचं ते तिच्यामुळे. पण पाळकसाहेबांसमोर हे दृश्य नको होतं. म्हणून मी फर्मान काढलं. पाहुणे जाईपर्यंत या घरात कुणीही आवाज चढवायचा नाही आणि टँकरवर कुणीही भांडायचं नाही.

"अन् पाणी?" तिने विचारलं.

"देव बघून घेईल."

"बरं," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती एका शब्दात ऐकत होती. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

राहता राहिले अण्णा, माझे वडील (हे खरे वडील, मंडळीचे नव्हे). अण्णांना अजिबात ऐकू येत नसे. त्यांना 'चहा घ्या' म्हणायचं तरी बाहेरच्याला वाटायचं घरात मारामारी चालू आहे. त्यांच्याशी फक्त खुणांनी बोलायचं, असं ठरलं.

पाळकसाहेब दुपारच्या एस.टी.ने आले. उंच, सडपातळ, जाड काचांचा चष्मा, बोलणं अत्यंत मऊ. मी त्यांच्याहून मऊ बोललो. सुवार्ता कुजबुजली. मुलं तर बोलेचनात. थोडा वेळ हे चाललं आणि पाळकसाहेबांचा चेहरा काळजीत पडला. त्यांनी हळूच विचारलं, की घरात कुणी आजारी आहे का. मी कुजबुजत सांगितलं, की नाही, आम्ही असेच असतो.

तेवढ्यात अण्णा आतून आले आणि गल्लीला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "हे कोण हाय? लग्नाचं आवतण घिऊन आलंय का?"

मी खुणा केल्या. पाहुण्यांकडे बोट दाखवलं, हात जोडले, डोळे मिटले, मग वर आभाळाकडे बोट केलं. म्हणजे हे प्रार्थना करणारे देवाचे सेवक आहेत. अण्णांनी ते सगळं नीट बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "आरं देवा. कोण गेलं?"

मी जोरजोरात मान हलवली. सगळेच हात हलवायला लागलो. त्या गडबडीत अण्णांनी स्वतःच ताडलं, की लोह्याची त्यांची बहीण गेली, आणि ते भिंतीला टेकून रडायला बसले. पाळकसाहेब चटकन उठून त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला आणि बहिणीच्या आत्म्यासाठी इतकी सुंदर प्रार्थना केली, की सुवार्ताच्याही डोळ्यांत पाणी आलं. आत्या धडधाकट होती. पण त्या प्रार्थनेत मध्येच कसं बोलणार? 'आमेन' होईपर्यंत शेजारचे शिवलिंगअप्पा दुकान टाकून आले, त्यांच्या मागे गल्लीतल्या बायका आल्या, आणि एकीने येताना पिठलं-भाकरीसुद्धा आणली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून.

शेवटी मी पाटीवर खडूने 'आत्या जिवंत आहे' असं लिहून अण्णांपुढे धरलं. अण्णांनी वाचलं, डोळे पुसले आणि भरल्या घरात माझ्यावर ओरडले, "मग मघापासून नाटकं काय करून राहिला?" पिठलं-भाकरी मात्र कुणी परत नेली नाही. ती आम्ही पाळकसाहेबांना वाढली. अगत्याचा प्रश्न तेवढ्यापुरता सुटला.

संध्याकाळी टँकर आला. सुवार्ता घागर घेऊन गेली आणि माझ्या हुकुमाप्रमाणे रांगेत खाली मान घालून उभी राहिली. कुणी मध्ये घुसलं तर म्हणे, "घ्या ताई, आधी तुम्ही घ्या." बायका आधी चपापल्या. तिला ताप-बीप आहे का म्हणून एकीने कपाळाला हात लावून बघितला. मग सगळ्यांनी मुकाट्याने तिच्यापुढे घागरी भरल्या आणि टँकर निघून गेला. सुवार्ता रिकामी घागर घेऊन घरी आली, ती ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघून गोड हसली. घरात होतं तेवढं पाणी चहाला, प्यायला आणि पाहुण्यांच्या तोंड धुण्याला गेलं. रांजण कोरडा पडला.

सकाळी मी उठलो तर पाळकसाहेब अंथरुणावर नव्हते. फिरायला जायची सवय असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात सुवार्ता बाहेरून आली आणि कुजबुजली (ती अजून हुकूम पाळत होती), की ओट्यावरची घागर नाही. ती तिच्या माहेरची पितळी घागर, तिच्यावर तिचं नाव कोरलेलं. आणि त्याच वेळी शाळेच्या कोपऱ्यावर टँकर आल्याचा गलका ऐकू आला. पाण्याच्या दिवसांत भांडी चोरीला जायचीच. माझं डोकं फिरलं. मी लुंगी खोचली आणि पळत सुटलो.

कोपऱ्यावर ही गर्दी, ही धूळ. आणि त्या गर्दीतून एक उंच माणूस, डोक्यातोंडाला टॉवेल गुंडाळलेला, नुसते डोळे उघडे, आमची घागर भरून खांद्यावर घेऊन निघाला होता. पितळेवर 'सुवार्ता' ही अक्षरं उन्हात चमकत होती. मी झेप घेतली आणि घागरीचा काठ धरला.

मी काय काय बोललो ते इथे सगळं देता येणार नाही. पण आदल्या दिवसापासून दाबून ठेवलेला माझा सगळा आवाज एकदम बाहेर आला. चोरापासून सुरुवात केली, त्याच्या खानदानावर गेलो, आणि शेवटी सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं विचारलं, "देवाचं भ्या हाय का न्हाई तुला? कुणी धर्माचं चार अक्षर शिकवलं का न्हाई?"

त्या माणसाने घागर सोडली नाही. उलट दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी ओढली, त्याने ओढली. अर्धं पाणी माझ्या अंगावर, अर्धं त्याच्या. आणि मग टॉवेलाआडून तो धापा टाकत बोलला.

"सोडा हो. हे योहानरावांच्या घरचं पाणी आहे. फार गरीब स्वभावाचा माणूस. त्याला मोठ्याने बोलताही येत नाही, तो बिचारा तुमच्यासारख्याशी काय भांडणार?"

योहानराव म्हणजे मी.

माझे हात आपोआप सुटले. त्याबरोबर ते मागे गेले, घागर खाली पडली, टॉवेल सुटला. चष्मा त्यांनी धुळीच्या भीतीने खिशात ठेवला होता. तो काढून, भिजल्या सदऱ्याला पुसून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. आदल्या दिवसापासून त्यांनी माझी फक्त कुजबुज ऐकली होती. माझा खरा आवाज त्यांना आता ऐकायला मिळाला होता.

तेवढ्यात शिवलिंगअप्पा आपली बादली सांभाळत पुढे आले आणि अगदी सरळ मनाने म्हणाले, "योहानराव, पाळकसाहेबाला कशाला मारून राहिलात?"

मागून सुवार्ता आली. तिने मला बघितलं, पाळकसाहेबांना बघितलं, चिखलात पडलेली घागर बघितली, आणि माझं फर्मान तिथेच संपलं. तिने पदर खोचला. "बाजूला व्हा," एवढंच ती म्हणाली, पण तिच्या नेहमीच्या आवाजात. रांग दुभंगली, पाइप हातात आला, घागर भरली. बायकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद दिसला. बाई बरी झाली एकदाची.

घरी येऊन पाळकसाहेब ओट्यावर बसले. मी समोर उभा, लुंगीतून पाणी ठिबकत होतं. मी क्षमा मागितली. तेही भिजलेल्या बाह्या पिळत होते. ते म्हणाले, की घरात पाणी नाही हे रात्रीच लक्षात आलं होतं, म्हणून न सांगता गेलो. मग हळूच म्हणाले, "तुम्ही ओढत होता तेव्हा सोडून द्यायचं, हे मलाही सुचलं नाही. शास्त्र मी आयुष्यभर शिकवलं. पण पाणी फार मुश्किलीने मिळालं होतं." आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. सुवार्ता हसली. अण्णांना कारण कळलं नाही, पण सगळ्यात मोठ्याने तेच हसले.

रविवारी मात्र त्यांनी निकाल दिला. योहानराव मनाने चांगले आहेत, पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत, पण वडीलपणासाठी अजून थोडं थांबलेलं बरं. आणि थांबेपर्यंत मंडळीत पाहुण्यांची आणि पाण्याची व्यवस्था सुवार्ताबाईंनी बघावी. सगळ्यांनी एकमुखाने 'आमेन' म्हटलं. सर्वांत मोठं 'आमेन' मागच्या बाकावरून आलं. तिथे शिवलिंगअप्पा खास निकाल ऐकायला येऊन बसले होते.

पुढच्या पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. विहिरी भरल्या, नळाला पाणी आलं, टँकर दिसेनासा झाला. मी वर्षभर कुणाशी भांडलो नाही. पाळकसाहेब पुन्हा आले, त्यांनी चौकशी केली आणि मला वडील नेमलं. घरी येताना मी सुवार्ताला म्हटलं, बघ, माणूस ठरवलं तर बदलू शकतो.

"तुम्ही न्हाई बदललात," ती म्हणाली. "नळ आला."

तेव्हापासून मंडळीत पावसासाठीची प्रार्थना मीच करतो. अगदी कळवळून करतो. लोकांना वाटतं, योहानरावांना शेतकऱ्यांची केवढी काळजी.