खाणीतल्या शेळ्या

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते आत्याचे. धरणाच्या फुगवट्यातल्या आमच्या बेटावर पूर्वी दगडाची खाण होती. तिथे खडी फोडून तिने मला शिकवलं. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. आज सिन्नरला कीटकनाशकांच्या कारखान्यात नोकरी करतो.

खाण बंद पडली आणि बेट पाखरांचं, कोल्ह्यांचं झालं. माणूस म्हणून एकटी आत्या, तिच्या शेळ्यांसह.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठापर्यंत चिखलाची वाट उघडी पडते आणि गावची मोकाट कुत्री बेटावर येतात. त्या दिवसांत आत्या शेळ्या कोरड्या खाणीत कोंडते आणि तोंडाशी दगड रचते. यंदा पाठ धरली, म्हणून दगडांऐवजी बाभळीच्या फांद्या लावल्या. कुत्री खालून सरपटत आत शिरली. खाणीला दुसरी वाट नाही.

सुट्टीला म्हणून मी पोचलो तेव्हा एक गाभण शेळी पोट फाटून पडली होती. कान हलत होते. आत्याने कोयत्याने तिची मान कापली आणि पातं गवताला पुसलं.

चुलते काठावरून आले. “आता तरी उतर इथून. का कुत्र्यांना तुलाच घालायचं हाय?”

“मला खाऊन त्यांचं पोट भरायचं नाय. नुसती हाडं हायेत.”

ते गेल्यावर मेलेल्या शेळीकडे बोट करून ती मला म्हणाली, “तुझ्या कारखान्यातलं औषध आण. हिच्यात भरून ठेवते.”

“आत्या, घारी मरतील. कोल्हे मरतील.”

“मरू दे. माझ्या शेळ्या फाडल्या तवा कोण आडवं आलं? दोनच राहिल्यात. त्या गेल्या की तुझ्या घरात कोपरा धरून बसू? आजवर तुझ्याकडं काय मागितलं का रे?”

नव्हतं मागितलं. मी सिन्नरला निघालो. बेटावर फोन लागत नाही, म्हणून काठावरच्या एका मासेमाराच्या हाती चिठ्ठी दिली आणि तिला वाचून दाखवायला सांगितलं:

‘आत्या, औषध पाठवत नाही. कोल्हीण तेच मांस पिलांना भरवेल. तुला चालेल, मला चालत नाही. शनिवारी येतो. खाणीच्या तोंडाशी दगड रचतो, कुत्र्यांना खालून शिरता येणार नाही असे. तोवर दोघींना घरात घे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पहार मात्र बाहेर काढून ठेव.’