फ्रीज कुणाला हवा होता

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही – माझ्या बायकोला, सुशीलाला, तर मुळीच नाही. घासाघीस करून पोट भरलेला माणूस मी, तोंड बंद ठेवणं मला आयुष्यात जमलं नाही. या एका बाबतीत मात्र जमलं. तुम्हाला सांगतो. पण जरा वळसे घेत सांगतो, चालेल ना?

आधी माझी बाजू – नको, बाजू नको. आधी कॉलेज.

कल्याण स्टेशनबाहेर चादर अंथरून मी पँटपीस विकायचो. तिथून डोंबिवलीत स्वतःचं कापडाचं दुकान. हे ऐकून ऐंशीच्या दशकात एका कॉलेजने मला दर शनिवारी कॉमर्सच्या मुलांना शिकवायला बोलावलं. विषय – विचार कसा करावा आणि समोरच्याला कसं पटवावं. मी मॅट्रिक नापास! मुलं खूश होती. प्राध्यापक नव्हते. स्टाफरूममध्ये मला कधी खुर्ची मिळाली नाही. खिडकीच्या कठड्यावर बसून चहा प्यायलो मी. त्यांना कपबशी, मला ग्लास. हे मी विसरलेलो नाही.

मुलांकडून मी तीन प्रश्न पाठ करून घेतलेले. कुणी काही सांगितलं की विचारा – हे कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? आणि त्यात फायदा कुणाचा? शिवाय एक डाव ओळखायला शिकवलेला. दुकानदाराला भाव सोडायचा नसला की तो म्हणतो, शेठ रागावतील. शेठ कुठे असतात? गावाला. जो माणूस समोर नाही, त्याच्या तोंडी आपलं म्हणणं घालायचं – उलट प्रश्न विचारणार कुणाला? असा शेठ निघाला की समजा, समोरचा थापा मारतोय. माझ्या दुकानाचा शेठ मीच होतो. तरी मीही म्हणायचो, शेठ रागावतील.

मेधा पहिल्या बाकावर बसायची. कळव्याची. माझंच म्हणणं माझ्याच तीन प्रश्नांनी खोडून काढायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. पुढे माझ्या मुलाला, शिरीषला, तिने पटवलं – की त्याने तिला? शिकवणी माझीच कामी आली, एवढं खरं.

लग्नाची बैठक तिच्या घरी होती. देणंघेणं काही नको, असं मी आधीच मोठ्या तोंडाने सांगितलेलं. सुशीला गुडघ्यामुळे आली नव्हती. सगळं छान चाललेलं, आणि मेधाचे मामा उगवले – नौपाड्याचे, आमच्याच कॉलेजात प्राध्यापक. माझ्या कठड्यासमोरच्या खुर्चीत बसणारे. मला ओळखून ते सगळ्यांना म्हणाले, "हे यायचे आमच्याकडे. प्राध्यापक नव्हेत हं, कापडवाले."

डोकं सटकलं. पण मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं, नाही का? मी शांतपणे पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "बाकी काही नको. एक फ्रीज तेवढा. आमच्या हिचा हट्ट आहे."

मेधा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "आईंनी स्वतः सांगितलं, सर?"

"स्वतः."

पुढचे दोन प्रश्न तिच्या ओठांवर आलेले मला दिसले. पण तिच्या वडिलांनी हात जोडले, देऊ म्हणाले – आणि नवरी मुलगी गप्प झाली. मी बोलायला शिकवलेली मुलगी.

फ्रीज आला. सुशीलाला सांगितलं, त्यांनी हौसेने दिला. मग सुरू झालं. कोथिंबिरीची जुडी ठेवायची असली तरी मेधा विचारायची, "आई, तुमच्या फ्रीजमध्ये ठेवू का?" दही काढायचं तरी तेच. सुशीला शेजारणींना सांगायची, पोर किती मर्यादेने वागते! पण सून दोन शब्द मोकळे बोलत नाही, हे तिला लागायचं. अहो, माझं काही चुकलं का, असं मला विचारायची. मी म्हणायचो, हल्लीच्या मुली अशाच. बघा – पुन्हा कुणाच्या तरी आड.

सुशीलाला थंड सोसत नसे. ती जन्मभर माठातलं पाणी प्यायली. बर्फ लागायचा तो मला. दुकानातून तापून आलो की ग्लासभर.

अशी काही वर्षं गेली. एका मे महिन्यात दोघी कैऱ्या किसत बसलेल्या. मेधाने सहज विचारावं तसं विचारलं, "आई, फ्रीज तुम्ही मागून घेतलात. मग पाणी माठातलं का पिता?"

मी पेपरमागे होतो. दुसऱ्या हातात ग्लास, ग्लासात बर्फ. तो किणकिणायला लागला. एक वाक्य पुरलं असतं, नाही? सुशीला माझ्याकडे बघत असणार. मी पेपर खाली घेतला नाही.

मग तिचा आवाज आला. "मागितला खरा गं. नंतर घसा धरायला लागला."

इतकं कच्चं खोटं मी स्टेशनबाहेरच्या धंद्यातही ऐकलेलं नाही. आणि मी? मी शेअरबाजाराचं पान वाचत होतो. माझ्याकडे एकही शेअर नव्हता.

तिसरा प्रश्न मेधाने विचारलाच नाही. ती उठली, माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, बर्फासकट मोरीत ओतला, माठातून भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"घ्या, सर."

लग्नानंतर ती मला बाबा म्हणायची.

त्या दिवसापासून कोथिंबीर न विचारता फ्रीजमध्ये जाऊ लागली. दोघींच्या गप्पा माझं डोकं उठेपर्यंत चालायच्या. सुशीलाने मला कधी काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. आता ती नाही.

फ्रीज आहे. माझ्या ग्लासात तेव्हापासून बर्फ पडलेला नाही. मी मागितलाही नाही.