गव्हर्नरची मुलगी

फ्राउ येन्सन कोट घालून, टोपी पिनेने नीट बसवून, हातात भाजीची पिशवी घेऊन आपल्याच दारात उभ्या असायच्या. उंबऱ्याच्या आत. २००४ साली नोकरीसाठी पुण्याहून हॅनोव्हरला येऊन मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहू लागले, तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी वाट बघत असतील. एका सकाळी त्यांनी मलाच विचारलं, "मी बाहेर जाऊ का?"

नव्वदी ओलांडलेल्या बाई परवानगी मागत होत्या! मी गोंधळून "या" म्हटलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो'. माझ्या कानाला मात्र 'जाऊन या' असंच ऐकू आलं. त्या लगेच जिना उतरू लागल्या.

पुढे त्या मला रविवारी कॉफीला बोलवू लागल्या. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा फोटो होता, पांढऱ्या गणवेशातला. ते कैसरच्या आरमारात कप्तान. बरीच वर्षं जहाजावर काढल्यावर त्यांना पॅसिफिकमधल्या, तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या एका लहानशा बेटाचं गव्हर्नर केलं गेलं. फ्राउ येन्सनचा जन्म तिथलाच.

"लोकांना आवडायचे का ते?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "आल्झो, म्हणजे असं बघा, लोक होड्या घेऊन दुसऱ्या बेटांवर सोयऱ्यांकडे जायचे. मग खोबरं वाळवायला माणसं मिळायची नाहीत. वडिलांनी सगळ्या होड्या फोडायला लावल्या. 'विचारल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही,' हा त्यांचा कायदा."

"आमच्याकडेही साहेबाचं राज्य होतं," मी म्हणाले.

"पण तो साहेब तुमच्या घरात राहायला नव्हता."

पहिल्या महायुद्धात बेट गेलं, पाठोपाठ आरमारही गेलं. कप्तान बायको आणि दोन मुलींना घेऊन हॅनोव्हरच्या या दोन खोल्यांत आले आणि कायदा सोबत घेऊन आले. थोरल्या मुलीला, म्हणजे फ्राउ येन्सनना, नर्सिंग शिकायला ब्रेमेनला जायचं होतं. प्रवेशही मिळाला होता. निघायच्या सकाळी वडिलांनी त्यांचे बूट पेटत्या शेगडीत घातले. दुसरा जोड नव्हता. "आणि मग म्हणाले, कॉफी कर," फ्राउ येन्सन शांतपणे म्हणाल्या. "मी केली. ते गेले तेव्हा मी पन्नाशीची होते, बिनलग्नाची. पहिला विचार काय आला ठाऊक आहे? आता विचारायचं कुणाला?"

माझी बदली दूर दक्षिणेकडच्या झिंडेलफिंगेनला झाली. जाण्याआधी यांना एकदा ब्रेमेन दाखवायचंच, असं मी ठरवलं. तासाभराचा तर प्रवास. स्टेशनपर्यंत त्या हौसेने आल्या. गाडी आली, दार उघडलं, आणि त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"पुढच्या गाडीने जाऊ."

पुढचीही गेली. तिसऱ्या गाडीच्या वेळी मी आत चढून हात पुढे केला. "चला ना, मी आहे."

"मला यायचंय हो," त्या म्हणाल्या. "पाय माझं ऐकत नाहीत. बेटावरचे लोक सुटले वडिलांच्या तावडीतून. मी राहिले."

मी खाली उतरले. ट्रामने आम्ही घरी परतलो.

माझ्या बदलीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या गेल्याचं त्यांच्या भाचीने, धाकट्या बहिणीच्या मुलीने, फोनवर कळवलं. मी अंत्यविधीला गेले. कबर वडिलांच्या शेजारीच खणली होती. दगडावर वर मोठ्या अक्षरांत कप्तानांचं नाव, हुद्दा आणि बेटाचं नाव होतं. खाली लहान अक्षरांत फ्राउ येन्सनचं नाव, जन्मसालासकट. मृत्यूच्या सालाची जागा तेवढी कोरी होती.

"इतक्यात कोरलंसुद्धा?" मी भाचीला विचारलं.

"छे, ते जुनं आहे," ती म्हणाली. "मावशी तिशीत होती, तेव्हाच आजोबांनी कोरून घेतलं होतं."